मान ताठ असलेला कॅमेरा

आमच्या साडूंइतकं वाईट गिऱ्हाईक या पृथ्वीवर दुसरं झालं नसेल. मी बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करत स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो. साडूंनी जुन्नरच्या बोळात गिटार दुरुस्तीचं दुकान थाटलं. जत्रांतल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी त्यांच्याकडे येत. गिटार मांडीवर घेऊन आधी तिची ख्यालीखुशाली विचारायची, मग भोकातून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा घालून आत बघायचं, ही त्यांची रीत. आमच्याकडे जेवायला आले तर स्वयंपाकघरातला भोपळासुद्धा टिचकी मारून ऐकत. पुढे नजर अधू झाली, आरशात काही दिसेना. आतली पट्टी कुठे सुटली ते कळत नाही म्हटल्यावर दुकानाला कुलूप लावायची वेळ आली. म्हणून नळीच्या टोकाला कॅमेरा आणि हातात छोटा पडदा असलेलं यंत्र घ्यायला मी त्यांना पुण्याला नेलं.

एसटीत बजावलं होतं, "आवडलं तरी तोंडावर खोड काढायची. बैल घेताना काढतो तशी." दुकानात मीच सुरुवात केली. पहिल्या कॅमेऱ्याची मान ताठ, दुसऱ्याचं डोकं जाड, तिसऱ्याची नळी लुळी, चौथ्याचा उजेड डोळ्यांत खुपतो. आवाज चढवून, दोनदा पायरी उतरून मी दुकानदाराला पार नरम केलं. "घ्या हो काका, तुम्ही म्हणाल त्या भावात पहिला घ्या," तो म्हणाला.

साडू म्हणाले, "नगं. मान ताठ हाय."

"अहो, ती बोलायची पद्धत असते!"

"मंग चांगला कोंचा, भाऊ?"

इथे मी गडबडलो. कुठली खोड खरी आणि कुठली मी चिकटवलेली, माझं मलाच उमगेना. दुकानदारही चारही कॅमेरे उलटेसुलटे करून संशयाने बघू लागला. हातातला सौदा सोडून आम्ही रिकामे परतलो. तो राग अजून गेलेला नाही.

दिवाळीनंतर मी एकटाच गेलो आणि पहिला हाती लागला तो, दुकानदाराने सांगितलेल्या भावात, आणला. साडूंनी नळी वाकवली. "मान जरा ताठच हाय," म्हणाले आणि ती गिटारीत सोडली. पडदा नाकाला टेकवला, चष्मा पुसला, पुन्हा टेकवला. मग पडदा माझ्या हातात दिला.

"तुमी बघा, भाऊ. पर आता खरी खोड सांगा."

तेव्हापासून बाजार नसेल त्या दिवशी मी जुन्नरला असतो. फट कुठे ते मी सांगतो, सरस लावून ती ते चिकटवतात. गिऱ्हाईक देईल ते घेतात, आणि मी तोंड फिरवून बोळाकडे बघत बसतो.