पाटीवरचं बाळंतपण

माझ्या धाकट्या दिराइतका छळणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. बायको लवकर गेली, पोरबाळ नव्हतं. एक दिवस भाऊजी काचेची पेटी घेऊन आले आणि माझ्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत मासे पाळायला बसले. ते त्यांना ‘एंजल’ म्हणायचे. मला ते संक्रांतीतले काळ्या पट्ट्यांचे पतंग वाटत. उन्हाळ्यात कूलरचं पाणी बदलायचं नाही, कारण त्यात डासांच्या अळ्या होतात आणि त्या एंजलांना आवडतात. रात्रभर आम्ही अंग खाजवायचं, सकाळी भाऊजी गाळणी घेऊन कूलरमध्ये वाकलेले. गाळणी चहाची. माझीच.

या मासोळ्या उभ्या जागेवर अंडी घालतात, म्हणून माझी शाळेतली पाटी मागितली. “आता तुम्ही का परीक्षेले बसून राहिल्या, वहिनी?” दिली. मासोळीनं त्यावर ओळीनं अंडी घातली, माझ्या अक्षरांपेक्षा सरळ. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. आईबापांनीच खाल्ली होती. दर खेपेला तेच. दर खेपेला भाऊजी ताट सरकवून उठायचे. एकदा पिल्लं जगलेली पाहायची, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं.

मग दोष माझ्यावर आला.

“तुम्ही मसाला कुटता नं वहिनी, त्या धसक्यानं खातात ते.”

“मंग का फुटाळा तलावावर जाऊन कुटू?”

पुढच्या खेपेला त्यांनी सुवेरच पाळलं. पेटीवर माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा, आल्यागेल्याला खोलीत मनाई, खलबत्त्याखाली गोधडीची घडी. माझी चार बाळंतपणं झाली, पण कोणी एवढं हळू बोललं नव्हतं.

आणि एका सकाळी हाक आली, “वहिनी, या लवकर! तुमच्या पाटीवर पोरं वळवळून राहिले!”

खरंच, पाटीवर नुसत्या शेपट्या हलत होत्या. “शिकवा आता त्याईले बाराखडी,” मी म्हटलं. भाऊजी हसले नाहीत, सदऱ्यानं डोळे पुसत होते. मी चुलीकडे निघून आले.

पिल्लं जगली. मोठी झाल्यावर भाऊजींनी ती बरण्यांतून गल्लीभर वाटली, आणि मग दारोदार विचारत फिरायचे, “पोरं जेवले का?” लोक वैतागले.

भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली. पेटीत मी कांदे ठेवते. कूलरचं पाणी वेळेवर बदलते. मसाला वाटेल तेव्हा कुटते, कोणी हटकत नाही. खाली गोधडीची घडी अजून असते. एकदा काढून पाहिली होती. घर फारच दणाणलं. पुन्हा ठेवली.