जावईबापूंचा बर्फ

आमच्या म्हशीचा नवरा एसटीनं आला. तोही थर्मासात बसून.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन नोकरीची वाट बघत होतो, आणि तोवर भेटेल त्याची नक्कल करून शिव्या खात होतो. दिवाळी नुकतीच झालेली. गावचा एकुलता रेडा म्हातारा होऊन मेला, तेव्हापासून आमची म्हैस भाकड. बाबांनी सांगून टाकलं, "या टायमाला गाभण ऱ्हायली न्हाय, तर बाजारात न्हेनार." आईचा चेहराच उतरला. ती म्हैस पारडी असताना आईनं माहेराहून आणलेली.

एका सकाळी म्हैस रेकायला लागली. माजावर आली हे कळताच आईनं मला तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात पिटाळलं. तिथला स्टॉकमन, म्हणजे गुरांच्या डॉक्टरचा मदतनीस, थर्मास घेऊन निघाला. आत काचेच्या नळीत चांगल्या जातीच्या रेड्याचं वीर्य, आणि भोवती बर्फ.

"परदेशात म्हणे औषध घालून दगडासारखं गोठवून वर्षानुवर्षं ठेवतात," तो म्हणाला. "आपलं मात्र बर्फ आहे तोवरच."

मुरुडहून आलेल्या एसटीत आम्ही चढलो. मी ड्रायव्हरला म्हटलं, "जरा जपून हाकला, आमचे जावईबापू आहेत आत." त्यानं हसत थर्मास मानानं आपल्याशेजारी ठेवून घेतला. मी रिकामाच. समोर एक कोळीण मासळीची पाटी घेऊन बसलेली, पाटीच्या हाफ तिकिटावरून कंडक्टरशी भांडत होती. मी तिची हुबेहूब नक्कल केली. गाडी हसली. ती सोडून.

मध्येच स्टॉकमनला शंका आली. पुढं जाऊन बघतो, तर ड्रायव्हरनं मानाची जागा म्हणून थर्मास इंजिनाच्या तापलेल्या पेटीवर ठेवलेला! वर झाकण पण अर्धवट. बर्फाचं पाणी झालेलं.

"अजून गार आहे," स्टॉकमन म्हणाला, "पण गाव येईपर्यंत टिकायचं नाही. बर्फ हवा, आत्ता."

अख्ख्या गाडीत बर्फ एकाच ठिकाणी होता. कोळणीच्या पाटीत.

"मावशी..." मी म्हटलं.

"आता मावशी व्हय रं? मघा कोन होते मी?"

"चुकलो. थोडा बर्फ द्या. म्हैस विकतील हो, आई रडंल."

स्टॉकमन मध्येच, "बर्फात मीठ तर नाही ना? मिठानं फार गार होतं, आतलं गोठून मरेल."

"मीठ?" ती उसळली. "ताजं मावरं हाय माजं! खारवलेलं वाटलं काय?"

मग माझ्याकडं वळली. "देते बरफ. पन आदी जावयाचा आवाज काढ. मोट्यानं!"

काढला. भर गाडीत, पोटातून, रेड्यासारखा ओरडलो. ड्रायव्हरनं दचकून ब्रेक दाबला, आणि कोळीण अशी हसली की पाटीतल्या सुरमया हलल्या. थर्मास काठोकाठ भरून दिलान तिनं.

घरी आल्या आल्या स्टॉकमननं काम उरकलं. बाबांनी थर्मासाचा वास घेतला, तोंड वाकडं केलं. "रेडा हाय का बोंबील?"

आई हसली नाही. रोज म्हशीच्या पोटावरून हात फिरवायची आणि बाबांकडं बघायची. मग एक दिवस स्टॉकमन परत आला, म्हैस तपासलीन आणि म्हणाला, "गाभण आहे." त्या दिवशी आईनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

गणपतीच्या सुमारास म्हैस व्याली. काळीभोर पारडी! आईनं खरवसाचा पहिला डबा बाजूला काढून ठेवलान, मला म्हणाली, "त्या बायला बलवून आन. हितंच खाऊ दे."

मी तिला एसटीतच गाठलं. कोळीण आली. आधी पारडीचा वास घेतलान. "सुरमयचा येतंय का बगते." मग खरवस खाल्लान, बोटं चाटलीन. "आता काढ की रं तो आवाज!"

मी ओरडलो. पारडी धडपडत उठली, कान टवकारून थेट माझ्याकडंच आली.

बाबा गंभीर तोंडानं म्हणाले, "बापाला वळखलंन."