वीस मिनिटं मागे असलेलं पाणी

त्या सकाळी माझ्या तापट डोक्यामुळे खाडीतली मासळी मरता मरता वाचली... नव्वदच्या दशकातली गोष्ट. पनवेलजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला लागून मला जेमतेम दहा दिवस झाले होते.

बीएस्सी अर्धवट सोडलेली, प्राध्यापकांशी भांडून. आणि जिच्यासाठी जीव टाकत होतो ती सुनंदा मामाकडे नाशिकला गेलेली. डोकं ठिकाणावर कुठलं असणार!

काम सोपं वाटायचं. कारखान्याचं ॲसिडचं पाणी भिंतीलगतच्या लांबलचक गटारातून खाडीकडे जायचं. गटाराच्या सुरुवातीला व्हॉल्व्ह फिरवून त्यात चुन्याचं पाणी सोडायचं आणि शेवटाला कागदाची पट्टी बुडवून बघायची. लाल म्हणजे ॲसिड, निळी म्हणजे चुना जास्त, हिरवी म्हणजे ठीक. फक्त पाणी इतकं संथ, की इथे सोडलेला चुना तिथे पोचायला वीस मिनिटं लागायची.

त्या दिवशी पट्टी लाल आली. व्हॉल्व्ह थोडा उघडला, धावत जाऊन पाहिलं... लालच. आणखी उघडला, तरी लालच! शेवटी चिडून पूर्ण उघडून टाकला. काही वेळाने पट्टी एकदम गडद निळी झाली. घाबरून मी व्हॉल्व्ह गच्च बंद केला.

आमचे जुने ऑपरेटर नामाकाका धावत आले. जवळच्याच गव्हाण गावचे, सख्खा भाऊ त्याच खाडीत जाळं टाकायचा. त्यांनी आधी फळी पाडून गटाराचं खाडीकडचं तोंड बंद केलं, पाणी बाजूच्या खड्ड्यात वळवलं आणि मग माझ्याकडे वळले.

"ए कॉलेज, पार बंद केलंस ना? आता वीस मिन्टांनी परत लाल येल बघ."

आलीच.

"मग करायचं तरी काय?" मी उलट त्यांच्यावरच तणतणलो.

त्यांनी व्हॉल्व्ह जरासा उघडला. एक सुकं पान गटारात टाकलं आणि त्या पानाच्या चालीने काठाकाठाने चालू लागले. मी पुढे पळायला लागलो तर शर्ट धरून मागे ओढलं. "पान पोचल्याबिगर पट्टी बुडवायची नाय. आदी बघशील तं मगाचंच पानी दिसंल."

अशा तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा पट्टी हिरवी आली.

तिसऱ्या फेरीत मला माझी पत्रं आठवली. नाशिकला पत्र पोचायला तीन दिवस, उत्तर यायला तीन. आणि मी आठ दिवसांत चार पत्रं टाकली होती... पहिल्यात लग्नाचं विचारलं होतं. दुसऱ्यात, गप्प का? तिसऱ्यात भांडण. चौथं कालच टाकलं होतं, 'तुझ्यासारख्या भित्र्या मुलीशी मला संबंध नको.'

संध्याकाळी घरी आलो तर तिचं पत्र आलेलं. पहिल्याचं उत्तर. 'घरी बोलते आहे. थोडा धीर धर.'

कालचं पत्र परत मागायला तसाच पोस्टात पळालो. टपाल कधीच निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी नामाकाकांना सगळं सांगितलं. एरवी टोमणे मारणारा माणूस, पण हसले नाहीत. म्हणाले, "सोडलंस ना? मंग त्ये पोचनारच. आता घाबरून लगेच दुसरं काय टाकू नको."

माफीचं पाचवं पत्र खिशात होतं, ते तिथेच राहू दिलं. दोन आठवडे रोज पोस्टमनची वाट बघितली. मग तिच्या दोन ओळी आल्या. 'बाबा इथे आले होते, तुझं शेवटचं पत्र त्यांनी वाचलं. आता नको.'

त्यावर मी एकच पत्र पाठवलं, माफीचं. त्याचं उत्तर आलं नाही... आणि मी दुसरं पाठवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

नामाकाका आता नाहीत. त्या एकाच पत्राचं त्यांना सांगायचं राहून गेलं, म्हणून आज इथे.