अकोट ते अकोट, मार्गे पाच कॉलेजं

आमच्या साडूंनी आयुष्यात वेळापत्रकाशिवाय केलेली गोष्ट एकच, ती म्हणजे जन्म घेणं. त्याबद्दलही त्यांच्या मनात थोडी खंत असावी. त्यांचे किस्से सांगून मी नातेवाइकांत आजवर पुष्कळ हशा मिळवला. एक किस्सा मात्र सहा वर्षं टाळत आलो. टाळत आलो असं तरी कसं म्हणू? सांगितला होताच, फक्त खोटा सांगितला होता. आता सत्त्याहत्तरावं लागलं आहे, तेव्हा जे झालं ते सरळ लिहून टाकतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोटच्या बसस्टँडवर त्यांनी तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी खुर्ची सोडली. नियंत्रण सोडलं नाही. घरात भिंतीवर तक्ता असे, त्यात दोन रकाने : नियोजित आणि प्रत्यक्ष. चहा नियोजित सहा-दहा, प्रत्यक्ष सहा-चौदा, आणि पुढे शेऱ्यात ‘दूध उतू गेले’. पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं तीन मिनिटं उशिरा सुरू झाली, तेव्हा वधूपित्याच्या डोळ्यांत पाणी येण्याऐवजी हातात वही आली आणि नोंद झाली, ‘गुरुजी पाणी प्यायले’. पंगतीत तर त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलंच, “अकोलेकर मंडळींनी दोन नंबरच्या रांगेत बसावं, मागची रांग सुटून राहिली!” लोक हसले, पण बसले मात्र दोन नंबरच्या रांगेतच.

त्यांची नात बारावी झाली आणि तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं ठरलं. अशी इच्छा धरणारी त्या घरातली ती पहिलीच. प्रवेशाचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी अमरावतीच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो आणि फॉर्म भरणं हे माझं एकमेव कर्तृत्व आहे. पण पसंतीक्रम देण्याआधी कॉलेजं डोळ्यांनी पाहायची, असा साडूंचा हुकूम होता. गाडी माझी, आखणी त्यांची. एका दिवसात पाच कॉलेजं : सकाळी सहाला अकोटहून निघायचं, अकोल्यात दोन पाहायची, मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून अमरावतीला येऊन तीन, आणि अंजनगावमार्गे संध्याकाळी परत. आखणी अकरा फुलस्केप पानांची झाली. पानं दोऱ्याने शिवलेली होती.

मी म्हटलं, “साडूभाऊ, आता सगळं मोबाइलवर दिसतं. फोटो आहेत, व्हिडिओ आहेत.”

“फोटोत नळ दिसते,” ते म्हणाले, “पाणी नाई दिसत.”

त्यांची तपासणी माझ्या कल्पनेबाहेरची होती. मेसमधलं वरण चाखायला घरचा चमचा न्यायचा. मुलींच्या संडासाची कडी आतून लागते का, ते नातीने पाहायचं. प्राचार्यांना भेटायचंच नाही. “प्राचार्य गोड बोलते, त्याचं कामच हाये ते. शिपायाले इचारा. शिपाई खरं सांगते.” आणि प्रत्येक कॉलेजात एक कलम लाल शाईने : ‘वसतिगृह ते वर्ग. पायी. घड्याळ लावून. नातीच्या पावलाने, माझ्या नाही.’

एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांना साडू म्हटलंच नसतं. आधीच्या रविवारी अंगणात रंगीत तालीम झाली. चार खुर्च्या म्हणजे माझी गाडी. मला पुढच्या उजव्या खुर्चीवर बसवून हातात स्टिअरिंग म्हणून परात दिली. नात मागे बसली, तिच्या मांडीवर तिखट पुऱ्यांचा डबा. साडूंनी शिटी वाजवली की आम्ही उतरायचं, पुन्हा वाजवली की बसायचं. तीनदा झालं.

“अमरावतीचे आबाजी लय वेळ लावून राहिले,” नात हसत म्हणाली.

“त्यायचा दोष नाई,” साडू वहीत टिपत म्हणाले, “परात मोठी हाये.”

शेजारची मंडळी कुंपणावरून पाहत होती. सत्तरी ओलांडलेला निवृत्त हेडक्लार्क, हातात परात. मी मनात तेव्हाच ठरवलं, हे होणे नाही. शिवाय अमरावतीच्या तिन्हींपैकी एका कॉलेजच्या संस्थेवर माझे एक जुने साहेब होते. त्यांच्यासमोर चमचा घेऊन वरण चाखणारा साडू उभा करायचा, या विचारानेच मला घाम फुटे.

माझी कंबर आमच्या नात्यात प्रसिद्ध आहे. पंगतीत वाढायची वेळ आली की ती दुखते. तीच कामाला आली. निघायच्या दिवशी पहाटे मी अमरावतीहूनच फोन केला, “साडूभाऊ, कंबर धरली. डॉक्टर गाडी चालवू नका म्हणतात.” डॉक्टर अर्थातच झोपलेले होते. मी इतका ठणठणीत होतो, की नऊ वाजता गच्चीवर चढून टाकीचा कॉक बदलला.

“बरं,” पलीकडून आवाज आला. “शेक घ्या. आमी बसने जाऊन पाहतो.” मी घाईघाईने सांगितलं, की फॉर्मची मुदत परवाच संपते, बसने पाच कॉलेजं कशी होणार, माझ्यावर सोडा. ते कधी नव्हे ते माझ्यावर विसंबले. मी मोबाइलवर हिरवळीचे फोटो पाहिले आणि साहेबांचं कॉलेज पहिल्या पसंतीला टाकलं. तिथेच नंबर लागला. नातेवाइकांना मी सांगितलं, “अहो, अकरा पानं पाहून पोरगीच घाबरली, म्हणून बेत बारगळला!” सगळे हसले. आजही हाच किस्सा चालतो.

कॉलेज हायवेला, मुलींचं वसतिगृह सात किलोमीटरवर गावात. हे फोटोत नव्हतं. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटे आणि गावाकडची शेवटची बस पाचला निघून गेलेली असे. नात रोज कुणाकुणाच्या गाडीवर, कधी हायवेच्या कडेने पायी. ती वर्षभर टिकली, मग अकोटला परत आली. बी.एस्सी. केलं. आता हिवरखेडला खाजगी शाळेत गणित शिकवते. चांगलं शिकवते म्हणतात. कॉम्प्युटरचं नाव मात्र काढत नाही.

साडू मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. शेवटी एका दुपारी मीच अकोटला गेलो. चहा झाला. मी म्हटलं, “साडूभाऊ, तेव्हा माझी कंबर...”

“हो, कशी हाये आता?” म्हणत ते उठले आणि माझ्या पाठीशी उशी ठेवली. मग कपाटातून ती अकरा पानं काढून सातवं पान माझ्यापुढे धरलं. ‘मूर्तिजापूर : साडूभाऊंची कंबर, १० मि.’ खाली ‘बडनेरा : साडूभाऊंची कंबर, १० मि.’

“तुमाले तरास होऊ नये म्हणून जागा ठेवली होती,” ते म्हणाले. “सांगाचं राहून गेलं. सांगतलं असतं तर तुमी आले असते. चुकी माहीच हाये.”

मी पानं मिटून त्यांना परत दिली. त्यांनी घड्याळ पाहिलं. “उठा, चार-दहाची अमरावती लागली असन.” मला स्टँडवर नेलं, खिडकीशी बसवलं, कंडक्टरला “आमचे साडू हायेत, कंबरेचा तरास हाये, सांभाळून” असं बजावलं. गाडी चार-दहालाच सुटली.

त्याच वर्षी हिवाळ्यात साडू गेले. तेराव्याला नातीने ती पानं माझ्या हातात ठेवली, “आबाजीनं तुमच्यासाठी ठेवली होती.” नियोजितचा रकाना भरगच्च आहे. प्रत्यक्षचा कोरा.

साडूभाऊ, त्या दिवशी माझी कंबर दुखत नव्हती. एवढंच एक वाक्य होतं. दहा मिनिटं पुष्कळ होती.