पहिला घास म्हातारीला

घोटावड्याच्या चढावर हैबतरावांचा उन्हाळ्यापुरता राहायचा बंगला होता. ते येत महिनाभर. उरलेलं वर्ष तिथे राज्य बानूबाईचं. धनगराची विधवा, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. साळिंदराने कंद उकरले की ती त्याच्या सात पिढ्या काढायची. भेकरं गुलाबाचे कोंब खुडून जायची, ससे भाजीचे वाफे. एका कुंपणाला मात्र कुणी तोंड लावत नसे. हैबतरावांनी कुठूनशी आणलेली ती झुडपं होती; गुलाबी-पिवळ्या फुलांचे झुबके, पान चुरडलं की उग्र वास.

"ह्येच एक शहाणं झाड," ती म्हणायची. "राखन लागत न्हाई."

सत्तावीस सालच्या चैत्रात तिचा धाकटा भाऊ सिद्धू चाळीस मेंढरं घेऊन फाटकाशी उभा राहिला. रानातलं गवत करपलेलं, मेंढरांच्या बरगड्या वर आलेल्या. मालक यायच्या आधी बानूबाई कुंपण छाटत होती. पाल्याचे ढीग पडले होते.

"आक्का, येवढा पाला जाळतीस?"

"मग काय मालकाला कालवन करून घालू?"

"माज्या मेंढरांना घाल की. ह्यातलं एक जरी बसलं तर पुन्ना उठायचं न्हाई."

तिचा कोयता थांबला. "वळखीचं झाड न्हाई त्ये, सिद्धू."

"मग बाची रीत कशाला हाय?"

बापाची रीत दोघांनाही पाठ होती. अनोळखी पाला आधी कळपातल्या म्हाताऱ्या मेंढीला घालायचा. सकाळी ती रवंथ करताना दिसली, तर बाकीच्यांना.

म्हातारीने दोनदा तोंड फिरवलं. मग भुकेपोटी खाल्लं. सकाळी ती डोळे मिटून संथ रवंथ करत होती.

"बघ," सिद्धू म्हणाला, "तुज्यापरीस जास्त दात हायेत तिला, आन् अक्कलबी."

बानूबाई हसली. तिने आपल्या हाताने ढीग मोकळे केले. भेकरं या पाल्याला का शिवत नाहीत, हा प्रश्न तिच्या मनात आलाही होता. पण कित्येक दिवसांनी मेंढरं खाली मान घालून खात होती. तिने तो बोलून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीचे कान सुजले. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. तोवर चाळीसही पोटं भरली होती. तिसऱ्या दिवशी कळप उन्हात पाऊल टाकेना. एकमेकांच्या सावलीत डोकी खुपसून मेंढरं उभी राहिली, नाकांवरची कातडी सोलत गेली. बानूबाईने ताक पाजलं, राख लावली. आठवड्यात पाच उरली.

सिद्धू रडला नाही. फाटकाशी ती भाकरी घेऊन गेली, त्याने हात पुढे केला नाही.

"रीत आपल्या बाचीच व्हती ना," ती म्हणाली.

"व्हय. पर झाड तुज्या मालकाचं व्हतं. आन् त्या झाडासंगं वरीसभर तू ऱ्हातीस, मी न्हाई."

त्यानंतर तो त्या वाटेला आला नाही. एके वर्षी हैबतरावांच्या घरची माणसं दिवाळीला बंगल्यावर आली. भाऊबीजेच्या संध्याकाळी बानूबाई ओट्यावर चंद्राला ओवाळताना त्यांच्या पत्नीला दिसली.

"अगं, तुला भाऊ नाही का?"

"हाय की, बाईसाहेब. लवळ्याकडं खडी फोडतुया."

"मग बोलवायचं त्याला."

"बोलावलं व्हतं," बानूबाई म्हणाली, आणि उरलेलं तेल बुधलीत ओतून घेतलं.