छायाताईचा वर केलेला हात

सकाळी डब्याची भाजी नुकती फोडणीला टाकली होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात शेलू गावची छायाताई, हातात चुरगळलेलं वर्तमानपत्र.

"वाचा वहिनी. मी लय खूश हाय म्हने!"

बातमी महानगरातल्या उद्योजकांच्या परिषदेची होती. येत्या वर्षाबद्दल सगळ्यांना विश्वास वाटतो, अगदी गावातल्या महिला उद्योजिकेलासुद्धा. खाली हात वर केलेल्या छायाताईचा फोटो.

छायाताई भाताची गिरणी चालवते. शेजारच्या नव्या वसाहतीने कुंपणाची भिंत घातली आणि गिरणीची वाटच बंद झाली. ऐन भरडाईच्या दिवसांत भाताचे टेंपो नेरळच्या गिरण्यांकडे वळले. परिषदेत मंचावर त्या वसाहतीचा बिल्डर बसणार हे कळलं, म्हणून ती विचारायला गेली होती.

"ग्रामसभेत बोलायची पाळी येईस्तोवर आमी हात खाली घेत नाय. तिथंबी प्रश्न विचारायला तसाच वर धरून ठेवला. मधीच मंचावरच्यांनी विचारलं, पुढचं वर्ष चांगलं जाईल असं कोणाकोणाला वाटतं? फोटो काढला नि उठले जेवायला!"

"तुला बोलूच दिलं नाही?"

"म्हनाले, ताई, आधी गुलाबजाम घ्या."

माझं डोकंच फिरलं. हिची वाट अडवून यांना विश्वास वाटणार, आणि साक्षीला हात हिचाच! भाजी करपल्याचा वास आला. करपू दे. मी कागद-पेन घेऊन बसले.

"सांग, त्या बिल्डरला काय लिहू? माफी माग म्हणू?"

"माफी नको वहिनी. भिंतीत टेंपो जाईल एवढं फाटक ठेवा, एवढंच लिहा."