उलटं करून बघा

“पोरगी हुशार हाय हो आप्पा, त्यात वाद न्हाई. पण स्थळ चांगलं हाय. उरकून घ्या.”

हे मी तिसऱ्या बाकावरून ऐकलं. बोलत होते आमचे सर. समोर माझ्या मैत्रिणीचे वडील, मांडवगण फराट्याहून खास विचारायला आलेले. तलाठी भरतीत थोडक्यात हुकलेल्या मुलीला अजून एक वर्ष क्लासला ठेवावं, की आलेल्या स्थळाला होकार द्यावा? सर म्हणतील ते आप्पा करणार होते. मैत्रीण माझ्या शेजारी बसून खोडरबराचे तुकडे करत होती.

सर शिरूरच्या स्टँडमागे एका गाळ्यात स्पर्धा परीक्षेचा क्लास घ्यायचे. गृहीतकं हा त्यांच्या अभिमानाचा विषय. विधानात बोललेलं नाही, पण मनात धरलेलं आहे, ते शोधायचं. चहा संपला की ग्लास टेबलावर उपडा घालायचे आणि म्हणायचे, “उलटं करून बघा. विधान पडलं, की समजायचं गृहीतक हाय.”

एकदा फळ्यावर विधान होतं : ‘नदीत उतरू नका, असा फलक लावा.’ सर म्हणाले, “गृहीत काय धरलंय? लोक फलक वाचतात. आता उलटं करा. लोक वाचतच न्हाईत. मग फलक कशाला लावताय? पडलं का विधान?” पडलं होतं. खरं सांगायचं तर सुरेख शिकवायचे. म्हणून तर जास्त राग यायचा.

कारण छापील प्रश्नाबाहेर पडले, की सर स्वतःच गृहीतकांचं चालतंबोलतं गोदाम होते. मुलगे पोस्ट काढायला येतात, मुली लग्नापर्यंतचा वेळ काढायला. पुढचे बाक मुलग्यांचे. तो उपडा ग्लास विसळायचा मात्र मुलींनी. मी दौंडच्या इंग्लिश मीडियमची, तेव्हा मला मराठी येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. “गृहीतक म्हंजी अझम्शन, मॅडम,” असं वर्षभर फक्त माझ्याकडे वळून सांगायचे. मी बोलत नसे, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली.

तुम्हीही असे सर पाहिले असतील. दुसऱ्याच्या भातातला खडा अचूक वेचतात, आपल्या ताटातला कचकन चावून गिळतात.

मला ताप भरला होता, तेव्हा मात्र वर्ग सोडून त्यांनी मला, मी राहत होते त्या मावशीच्या दारापर्यंत पोचवलं. दारात मावशीला धीरही दिला, “मराठी कच्चं हाय, पण शिकंल हळूहळू.”

आता त्या गाळ्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. सर क्लास बंद करून कुठं गेले, मी विचारलं नाही. तिथून जाताना मला दिसतो तो टेबलावरचा ग्लास.

त्या दिवशी आप्पांनी मान हलवली, टोपी सारखी केली आणि मुलीकडे न बघताच दाराकडे वळले. मी उठले. मी ग्लास विसळायला न्यायला आले, असं समजून सरांनी तो उपडा न घालताच माझ्यापुढे सरकवला. मी तो टेबलावर उपडा घातला. आप्पा दारात थांबले. त्या गाळ्यात माझा आवाज कुणी नीट ऐकलेला नव्हता, मीसुद्धा.

“उलटं करून बघा, सर,” मी म्हणाले. “तिला लग्न करायचंच नसेल, तर?”